परभणीच्या आवाजाला गिऱ्हाईक आहे

झोप येत नाही म्हणून कानात इअरफोन घालून कागदाची सळसळ, केसांतून फिरणारी फणी किंवा कुणाची तरी कुजबुज ऐकत पडून राहणारे लोक जगभर आहेत. अशा बारीक आवाजांनी काही जणांच्या टाळूपासून मानेकडे सुखद झिणझिण्या उतरतात आणि अंग सैल पडते. सगळ्यांनाच तसे होते असे नाही. २०१० साली जेनिफर ॲलन या अमेरिकी बाईंनी या अनुभवाला एएसएमआर हे नाव दिले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत असे व्हिडिओ करून त्यावरच घर चालवणारे लोक अमेरिका, ब्रिटन, कोरियात तयार झाले. परभणी, गंगाखेड किंवा जिंतूरच्या एखाद्या मुलाने वा मुलीने हाच पूर्णवेळचा धंदा करायचे ठरवले, तर घरातले पहिल्यांदा विचारतील, 'हे काय काम आहे?' माझे म्हणणे असे की हे काम आहे. शिवाय यूट्यूबवर चालणाऱ्या सगळ्या प्रकारांत मराठवाड्यातल्या माणसाचे भाषेपायी सर्वांत कमी अडते ते याच कामात. मात्र त्यासाठी परदेशी कुजबुजीची नक्कल सोडून इथल्या कामांचे आवाज धरावे लागतील.

आधी हे खूळ आहे का, ते पाहू. स्वान्झी विद्यापीठातील एम्मा बॅरट आणि निक डेव्हिस यांनी २०१५ मध्ये एएसएमआर अनुभवणाऱ्या ४७५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. निवांत वाटावे म्हणून हे व्हिडिओ पाहतो असे त्यांतल्या ९८ टक्के लोकांनी सांगितले, झोपेसाठी पाहतो असे ८२ टक्के लोकांनी, आणि लैंगिक उत्तेजनासाठी पाहतो म्हणणारे ५ टक्के निघाले. ही मंडळी आधीपासूनच या व्हिडिओंची चाहती होती, त्यामुळे हे आकडे साऱ्या समाजाला लावता येत नाहीत. तरी 'हा सगळा चावटपणा आहे' या आक्षेपाचे उत्तर त्यात मिळते. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात ज्यांना झिणझिण्या येतात त्यांच्या हृदयाचे ठोके व्हिडिओ पाहताना मिनिटाला सरासरी तीनने कमी झाले. ज्यांना येत नाहीत त्यांच्यात इतका फरक पडला नाही. एवढ्यावरून हे औषध ठरत नाही, आणि तसे सांगून कुणी ते विकूही नये. पण ऐकणाऱ्याला खरोखर काहीतरी मिळते आणि त्यासाठी तो रोज रात्री परत येतो, हे मान्य करायला हरकत नाही. चावटपणाच्या आक्षेपाला लहान शहरात वेगळे वजन असते, हेही खरे. कॅमेऱ्याला तोंड लावून कुजबुजणाऱ्या मुलीला परभणीत काय ऐकून घ्यावे लागेल, याची कल्पना सगळ्यांना आहे. फक्त हात आणि काम दाखवणाऱ्या, एक शब्दही न बोलणाऱ्या व्हिडिओत तो जाच पुष्कळ कमी होतो. शब्द टाळण्याचे हे एक कारण झाले. दुसरे कारण पैशाचे आहे.

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला चॅनेलला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्यासोबत एकतर मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. तासांची अट ऐकायला जड वाटते, पण एएसएमआर लोक लावून ठेवतात. आठ हजार वेळा अर्धा-अर्धा तास ऐकले गेले की ४,००० तास भरतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. खरी गोम पुढे आहे. जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षक कुठे बसला आहे ते पाहून. व्हिडिओ कुठे झाला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अमेरिकेत किंवा जर्मनीत पाहिल्या गेलेल्या व्हिडिओला भारतात पाहिल्या गेलेल्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त दर मिळतो. मराठीत बोललात की प्रेक्षक महाराष्ट्रापुरता. मोडक्या इंग्रजीत कुजबुजलात तर ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्याशी स्पर्धा, आणि ती हरण्याचीच. भाकरी थापल्याचा आवाज मात्र सेलूत आणि स्टॉकहोममध्ये सारखाच ऐकू येतो.

न बोलता जग गाठलेल्यांची उदाहरणे आहेत. चीनच्या ली झीछी यांनी डोंगरातल्या गावातले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम जवळजवळ न बोलता दाखवले आणि २०२१ पर्यंत त्यांचे सबस्क्रायबर १ कोटी ४० लाखांवर गेले. अझरबैजानमधल्या खेड्यात चुलीवर मुकाट्याने स्वयंपाक करणारे जोडपेही असेच सगळीकडे पाहिले जाते. आपल्याकडे पुष्करचे न्हावी बाबा सेन यांची चंपी भाषेची ओळख नसलेल्या परदेशी लोकांनी वर्षानुवर्षे ऐकली. मराठीतले जवळचे उदाहरण नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे. 'आपली आजी' हा त्यांचा चॅनेल नातवाच्या मदतीने सुरू झाला आणि २०२० मध्ये घरोघरी पोहोचला. त्यांची गोडी त्यांच्या बोलण्यात आहे, म्हणून प्रेक्षकही मुख्यतः मराठी. ते फार मोलाचे काम आहे, पण त्याचा हिशेब निराळा.

परभणीकडे विकण्यासारखे आवाज कोणते? यादी लांबवण्यापेक्षा एकच जवळून पाहू. ज्वारीचे पीठ काटवटीत मळताना तळहाताचा घासल्यासारखा आवाज येतो. गोळा थापायला घेतला की थपथप सुरू होते आणि भाकरी रुंदावत जाते तसा तो आवाज बदलतो: आधी घट्ट, मग मोकळा. मधूनच काचेच्या बांगड्या किणकिणतात. भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, बारीक चर्र होते आणि विरते. हे सगळे नीट पकडायचे तर माइक काटवटीपासून वीतभर अंतरावर, जरा तिरपा ठेवावा लागतो, म्हणजे पिठाचा फुफाटा त्यात जात नाही. चुलीचा जाळही बेताचा हवा, कारण लाकूड तडतडले की तो आवाज बाकी सगळे खाऊन टाकतो. सुपात तूर पाखडणे, कापसातून सरकी काढून वाती वळणे, वाकळ शिवताना जाड कापडातून दोरा ओढणे, हुरडा चोळणे ही तशीच कामे. आणि पत्र्यावरचा पाऊस! 'टिनाच्या छपरावरचा पाऊस' म्हणून तासन् तास चालणारे व्हिडिओ जगभर झोपेसाठी लावले जातात, आणि आपल्याकडे पत्र्याची घरे गल्लोगल्ली आहेत.

सगळ्यात मोठी अडचण शांततेची आहे. ट्रॅक्टर, भोंगे, लग्नसराईतला डीजे, शेजारच्या घरातला टीव्ही यांतून वाट काढत रेकॉर्डिंग पहाटे तीन-चारलाच करावे लागते. पावसाळ्यात त्या वेळी रातकिडे आणि बेडूक हजर असतात. एप्रिल-मेमध्ये दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना पहाटेच्या उकाड्यातही पंखा आणि कूलर बंद करून तास-दोन तास बसायचे, कारण पंख्याची घरघर नंतर पुसायला गेले की बारीक आवाजही सोबत पुसले जातात. एरवी शिव्या खाणारे लोडशेडिंग इथे उपयोगी पडते. वीज गेली की फ्रिज, पंखे, मोटारी सगळे एकदम थांबते. खर्चाचा पहिला पैसा कॅमेऱ्यावर घालू नये. मोबाईलचा कॅमेरा पुरतो. स्वतःची सूं-सूं कमी असलेला माइक किंवा हातात धरायचा रेकॉर्डर आधी घ्यावा, आणि खोलीतला घुमारा मारायला भिंतींवर गोधड्या टांगाव्यात.

यावर आजचा सर्वांत जोरकस आक्षेप आहे कृत्रिम बुद्धिमत्तेचा. मे २०२५ मध्ये गूगलचे व्हेओ ३ आले. चित्रासोबत आवाजही ते तयार करते. काही आठवड्यांतच काचेची फळे सुरीने कापण्याचे बनावट एएसएमआर व्हिडिओ सगळीकडे पसरले. ना माइक, ना पहाट, ना मेहनत. मग माणसाने हे का करावे? मला वाटते, या प्रश्नाने माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. साबण कापणे, डबा टकटकवणे, अनोळखी तोंडाची कुजबुज हे कुठलेही आणि कुणाचेही नसलेले आवाज यंत्र फुकट देणार, त्यामुळे त्यांचा भाव पडणार. ताडकळसच्या एखाद्या ओसरीवर, अमुक बाईने, अमुक सुपात पाखडलेल्या तुरीचा आवाज हा खऱ्या घटनेचा पुरावा असतो. यूट्यूबनेही जुलै २०२५ पासून घाऊक, साच्यातल्या व्हिडिओंना कमाई नाकारण्याचा नियम अधिक स्पष्ट केला. सगळेच प्रेक्षक खऱ्याखोट्याची पर्वा करतील अशी माझी समजूत नाही. पण रोज त्याच चॅनेलकडे परतणारा आणि सभासद होऊन महिन्याला पैसे देणारा प्रेक्षक ती करतो, आणि पूर्णवेळचा संसार अशाच प्रेक्षकावर उभा राहतो.

सभासदांवर जोर देण्याचे आणखी एक कारण आहे. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मध्येच जाहिराती घालता येतात, पण डोळा लागत असताना साबणाची जाहिरात किंचाळली की ऐकणारा पुन्हा त्या चॅनेलकडे फिरकत नाही. म्हणून समजूतदार लोक मधल्या जाहिराती बंद ठेवतात आणि ती तूट सभासदत्व, ध्वनिफितींची विक्री, ध्वनिमुद्रणाची बाहेरची कामे यांतून भरून काढतात. करांचेही समजून घ्यावे. अमेरिकी प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्के पडतो, पण करविषयक माहिती भरलीच नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. शिवाय सगळे एका खात्यावर टांगलेले. 'आपली आजी' चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाला आणि काही दिवसांनी परत मिळाला. ली झीछी यांचे व्हिडिओ भागीदार कंपनीशी झालेल्या वादात जुलै २०२१ पासून तीन वर्षांहून अधिक काळ थांबले. म्हणून नोकरी, शेती किंवा दुकान सोडण्याचा निर्णय पहिल्या चांगल्या महिन्यावर घेऊ नये. घरखर्च भागेल इतकी कमाई सलग वर्षभर झाल्यावरच घ्यावा. चार वर्षे पदरमोड करून परीक्षा देत बसणे आपण मुलांकडून बिनतक्रार मान्य करतो. मग पोट दुसरीकडून भरत असताना दोन वर्षे हे काम करून पाहण्याला वेडेपणा म्हणता येणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जाते, सूप, चूल हे बाईच्या कष्टाचे आवाज आहेत. ते दुसऱ्याच्या झोपेसाठी विकायचे का? या प्रश्नाला परभणीतच आधार आहे. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, आणि दळणकांडणाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा संग्रह लोकांना ऐकायला मिळतो. या ओव्या ऐकल्या की जात्याच्या घरघरीत सुखाइतकेच दुःख दळले गेल्याचे कळते. त्या संग्रहाची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. व्हिडिओ करणाऱ्याने एवढे तरी केलेच पाहिजे, आणि तो पैसे कमावणार असल्याने त्याहून जास्त. जिचे हात दिसतात ती आई असो की शेजारची मावशी, तिला त्या दिवसाची मजुरी रोख मिळावी, चॅनेलच्या कमाईतला ठरलेला हिस्सा दर महिन्याला तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जावा, आणि व्हिडिओ काढून टाका असे ती कधीही म्हणाली तर तो काढला जाईल हे आधीच मराठीत, कागदावर, दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.