मोटारीचे किरकोळ सामान आणि नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी

जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक शिक्षकबंधू व भगिनी आज स्वतःच्या वाहनाने शाळेत येजा करतात. कोणी मोटारसायकलीने येतात, तर कोणी तिघे-चौघे मिळून एका मोटारीतून येतात. वाहन घरी आले की त्यास काही ना काही जोडसामान बसविणे ओघानेच येते. पायाखाली मॅट, आसनांवर कव्हर, समोर मोबाइल धरून ठेवणारा चिमटा, देवाची लहानशी मूर्ती, मोटारसायकलीस सामानाची पेटी, ही त्यांतील नेहमीची नावे होत. हे सामान बहुधा घाईघाईत विकत घेतले जाते आणि दुकानातील मुलगा ते पाच मिनिटांत बसवूनही देतो. ते बसविण्यास यंत्रविद्येचे ज्ञान लागत नाही, आणि म्हणूनच त्याकडे कोणी बारकाईने पाहत नाही. इंजिनातील बिघाडाकरिता आपण कुशल कारागिराकडे जातो. परंतु साधी मॅट किंवा कापडाचे कव्हर यांमुळे जिवावर बेतू शकते, ही गोष्ट आपल्या मनातही येत नाही.

प्रथम मॅटचाच विचार करू. पावसाळ्यात आपल्याकडील काळी माती बुटांना चिकटून मोटारीत येते. ती धुण्याचा त्रास वाचावा म्हणून मूळच्या मॅटवर दुसरी रबरी मॅट, क्वचित गोणपाटही अंथरले जाते. आता चालकाच्या पायाखालील मॅट नीट पाहावी. बहुतेक मोटारींत तिला एक किंवा दोन भोके असतात आणि त्यांच्या नेमके खाली मोटारीच्या तळाला आकडे असतात. मॅट पुढे सरकू नये एवढ्याचसाठी ही योजना आहे. वरून दुसरी मॅट टाकली की आकडे झाकले जातात, वरची मॅट मोकळी राहते आणि प्रत्येक वेळी टाच टेकताना बोटभर पुढे सरकते. सरकत सरकत तिची कड अ‍ॅक्सिलरेटरच्या पट्टीवर चढली की पट्टी दाबलेलीच राहते आणि चालकाने पाय काढला तरी गाडी वेग सोडत नाही.

हे केवळ कल्पनेतील संकट नव्हे. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन दिएगो शहराजवळ लेक्सस बनावटीची एक मोटार अशाच रीतीने बेफाम धावली आणि आतील चौघेही मृत्यू पावले. चालक त्या राज्याच्या महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होता. मोटार त्याची स्वतःची नव्हती. स्वतःची गाडी दुरुस्तीस दिली असता विक्रेत्याने ती वापरावयास दिली होती. तपासात आढळले ते असे की, त्या गाडीत दुसऱ्या, मोठ्या गाडीची रबरी मॅट घातलेली होती व ती आकड्यांत अडकविलेली नव्हती. काही दिवसांपूर्वी तीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाची पट्टीही मॅटमध्ये अडकली होती आणि त्याने ती गोष्ट तेथील कर्मचाऱ्याच्या कानावर घातली होती. पुढे टोयोटा कंपनीने अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाकडील मॅट काढून ठेवण्याची सूचना दिली. मॅट भलत्याच गाडीची आहे, हे पाहणाऱ्याला डोळ्यांनी दिसण्यासारखे होते.

यावर उपाय सोपा आहे. नवी मॅट घालण्यापूर्वी जुनी काढावी, आकडे भोकांत बसवावेत आणि इंजिन बंद ठेवून प्रत्येक पट्टी हाताने तळापर्यंत दाबून सोडून पाहावी. ती अडखळली तर ती मॅट आपल्या गाडीची नव्हे, असे समजावे. जी गोष्ट मॅटची तीच पाण्याच्या बाटलीची. उन्हाळ्यात ती आपणा सर्वांबरोबर असते. पण चालकाच्या आसनाखाली ठेवलेली बाटली उतारावर पुढे घरंगळून ब्रेकच्या पट्टीखाली जाऊन बसू शकते.

आसनांवरील कव्हरांची गोष्ट याहून अधिक विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण तीत लहान मुलांचा संबंध येतो. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या रेक्झिनच्या आसनावर बसवत नाही, म्हणून कापडी कव्हर घालणे योग्यच आहे. परंतु मागच्या आसनाचे कव्हर ओढून बसविताना सुरक्षा-पट्ट्यांची कुलपे, म्हणजे ज्यांत पट्ट्याची जीभ अडकते ती लहान डबी, बहुधा कापडाखाली गाडली जाते. कव्हर नीटनेटके दिसते, घडी पडत नाही, म्हणून मालकही संतुष्ट होतो. मागे बसणाऱ्याने पट्टा ओढला तरी तो अडकवावयास जागाच सापडत नाही. एकदोनदा चाचपून तो नाद सोडतो आणि मागे पट्टा लागत नसतो, असाच त्याचा समज होऊन बसतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात वाचकांच्या स्मरणात असेल. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांच्यासमवेत मागील आसनावर बसलेले दुसरे गृहस्थ त्यात मृत्यू पावले. पुढील दोघे जखमी झाले, पण वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी व सर्व साधनांनी युक्त होती. आदळल्यावर गाडी थांबते, पण आतील माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा गतीचा नियम मोटारीची किंमत विचारीत नाही, आणि पुढचे-मागचे आसन असा भेदही करीत नाही. २०१९ साली मोटार वाहन अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बाल-आसन यांनी सुरक्षित न करता गाडीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तथापि कुलूपच कापडाखाली दडलेले असेल, तर कायदा पाळावयाचा तरी कसा?

याच संदर्भात बाजारात मिळणाऱ्या एका वस्तूचा उल्लेख केला पाहिजे. पट्टा न बांधल्यास गाडीत सूचनेचा आवाज होतो. तो बंद पाडण्यासाठी पट्ट्याच्या जिभेसारखा नुसता धातूचा तुकडा विकला जात असे. तो कुलपात घातला की गाडीची समजूत होते, माणूस बांधलेला आहे! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये इंटरनेटवरून माल विकणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढले व अशा तुकड्यांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. त्यांतील काही तुकडे बाटलीचे झाकण उघडण्याचे साधन म्हणून विकले जात होते. जुनी गाडी घेतली असल्यास असा तुकडा कुलपात राहून गेला आहे काय, हे अवश्य पाहावे.

कव्हराविषयी आणखी एक गोष्ट. ज्या गाड्यांत पुढील आसनाच्या बाहेरील कडेतून एअरबॅग उघडते, तेथे आसनाच्या बाजूस तशा अक्षरांची लहान पट्टी शिवलेली असते. त्या जागी जाड अखंड कव्हर ओढले तर आतील पिशवीस बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. अशा आसनांकरिता कडेची शिवण मोकळी ठेवलेली कव्हरे मिळतात. ती मागून घ्यावीत. दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही.

आता देवाच्या मूर्तीविषयी. श्रद्धेच्या विषयात कोणाचे मन दुखवावे असा हेतू नाही. परंतु मूर्ती जेथे चिकटविली जाते ती, डाव्या आसनासमोरील सपाट जागा, अनेक गाड्यांत एअरबॅगचे झाकण असते. झाकणावर तशी अक्षरेही उमटविलेली असतात. अपघाताच्या क्षणी डोळा लवण्याच्या आत ती पिशवी फुगते आणि झाकणावरील वस्तू समोरच्या माणसाच्या तोंडावर गोळीसारखी फेकली जाते. मूर्ती मध्यभागी, झाकणाबाहेर ठेवल्याने भक्तीत काही उणे पडत नाही. आरशाला टांगलेले गोंडे मात्र काढलेलेच बरे. डावीकडून येणारा सायकलस्वार त्यांच्याआड लपतो. मोबाइलचा चिमटा चोषणाने काचेस चिकटविलेला असेल तर आपल्याकडील उन्हात त्याची पकड ढिली होते आणि तो ऐन वेळी पायांत पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

इतर सामानाविषयी थोडक्यात सांगतो. वायपरच्या नव्या पात्यावर कधी कधी प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण असते. ते न काढताच पाते बसविले जाते आणि पहिल्या पावसात काच पुसली जात नाही म्हणून दोष पात्याला दिला जातो. पुढील दिव्याचा हॅलोजन बल्ब बोटांनी काचेस धरू नये. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिल्याने तो लवकर जातो. मूळ बल्बावर ६०/५५ वॅट लिहिले असता अधिक उजेडाच्या लोभाने शंभर वॅटचा घातल्यास त्याची बैठक वितळते व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. चाक बदलताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी. गाडीपुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांविरुद्ध केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळविले आहे. अशा दांड्यांमुळे धक्क्याची सूचना एअरबॅगच्या यंत्रणेपर्यंत जशी पोहोचावयास हवी तशी पोहोचत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांचे वाहन मोटारसायकल हेच आहे. मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्यास धरावयास आधार असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. सामानाची पेटी बसवावयाची म्हणून हीच जाळी काढून ठेवली जाते. पेटी बसविणाऱ्याचे लक्ष पेटीवर असते. जाळी कशासाठी होती याचा विचार त्याला पडत नाही. आपल्या भगिनी उन्हापासून बचाव म्हणून ओढणी डोक्याभोवती गुंडाळतात. तिचा सुटा पदर वा साडीचा काठ उघड्या चाकात गेला म्हणजे काय होते, हे शब्दांत सांगण्याची गरज नाही. पेटी अशी निवडावी की जाळी जागेवर राहील. तीत वह्यांचे गठ्ठे भरल्यावर मागील तांबडा दिवा झाकला जात नाही ना, हे चार पावले मागे जाऊन पाहावे. टायर बदलल्यानंतर त्याच्या अंगावरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेही पाहावे. ट्रॅक्टरचे मागील टायर उलटे बसले तर शेतकरी दुरूनही ओळखतो; मोटारसायकलीचा बाण मात्र सहसा कोणी शोधीत नाही.

हे सारे डोळ्यांसमोर असूनही का सुटते, हा प्रश्न शिक्षकाच्या व्यवसायाशी निगडित आहे. नवीन वस्तू बसविणारा माणूस त्या वस्तूकडे पाहतो. तिच्याखाली काय झाकले गेले याकडे पाहत नाही. शिवाय नित्य परिचयाची वस्तू आपण पाहतच नाही, ओळखतो. चौथीच्या वर्गातील मुलांना भिंतीवरील घड्याळाकडे पाठ करून त्याचे चित्र काढण्यास सांगावे. आकडे देवनागरी आहेत, रोमन आहेत की नुसत्या रेघा आहेत, याविषयी वर्गात मतभेद होतील, आणि गुरुजींनीही चित्र काढले तर मुलांना अधिकच आनंद होईल. दुसरा पाठ विजेरीचा घ्यावा. एक सेल उलटा घालून विजेरी गटाकडे द्यावी. मुले प्रथम बल्बाला दोष देतील, मग बटणाला. सेलच्या अंगावरील अधिक-उण्याची खूण बहुधा सर्वांत शेवटी वाचली जाईल. ती कोणी व केव्हा वाचली, याची नोंद फळ्यावर करावी. बैलगाडी जुंपताना आसाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून पाहणाऱ्या आजोबांची गोष्ट घरोघर निघेल. तीही वर्गात सांगवून घ्यावी. खीळ दिसते यावर ते समाधान मानीत नाहीत, हात लावून पाहतात.

ज्या शाळांची मुले भाड्याच्या वाहनाने येतात, तेथील मुख्याध्यापकांवर याहून मोठी जबाबदारी आहे. महाराष्ट्र राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार शाळेची परिवहन समिती असावयाची आहे व वाहनात प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक नळकांडे असावे लागते. ते आहे, अशी नोंद केली की काम संपत नाही. शाळाभेटीच्या वेळी अनेकदा दृष्टीस पडते ते असे: नळकांडे चोरीस जाऊ नये म्हणून तारेने आवळून बांधलेले, प्रथमोपचार पेटीस कुलूप आणि किल्ली मालकाच्या घरी, आपत्कालीन दारापुढे जादा मुले बसावीत म्हणून टाकलेले बाक. प्रत्येक वस्तू बसविलेली आहे. प्रसंगी तिचा उपयोग मात्र होणार नाही. समितीच्या सभासदांनी एकदा वाहन आवारात उभे करवून आपत्कालीन दार आतून उघडून पाहावे, पेटी उघडावी आणि नळकांड्याच्या तबकडीचा काटा हिरव्या भागात आहे काय ते वाचावे. तार असल्यास ती सोडवून बकलाचा पट्टा बसवून घ्यावा. तो पट्टा चालकाच्या मदतीशिवाय मदतनीस बाईंना स्वतःच्या हाताने सुटतो की नाही, हे त्याच वेळी त्यांच्याकडून करवून पाहावे व तारखेसह वहीत लिहावे.