बायोडाटा पाठवायचा कोणत्या फाइलमध्ये?



गटाच्या बैठकीत बचत आणि हप्ते झाले की आता नोकरीचा विषय हमखास निघतो. कोणाच्या मुलीचे नर्सिंग झाले, कोणाच्या सुनेची एमएस-सीआयटी झाली, कोणी ताई स्वतःच काम शोधते. हिंगणघाट-देवळीकडच्या कारखान्यांत, सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यांत किंवा वर्ध्याच्या एखाद्या दुकानात जागा निघते आणि निरोप येतो, "बायोडाटा व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवा." मग प्रश्न पडतो, तो फोटो काढून पाठवायचा, वर्डमध्ये पाठवायचा, की पीडीएफ करून?

उत्तर आधीच सांगतो. पीडीएफ पाठवा. वर्डची प्रत आपल्याजवळ ठेवा. आणि जाहिरातीत वेगळे काही मागितले असेल, तर जे मागितले तेच द्या.

आता कारण ऐका. वर्डची फाइल म्हणजे मळलेले पीठ. दुसऱ्याच्या हातात गेले की त्याचा आकार बदलतो. आपल्या कॉम्प्युटरवर एका पानात बसलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर दीड पानावर जातो, मार्कांचा तक्ता विस्कटतो. पीडीएफ म्हणजे भाजलेली भाकर. जशी इथून निघाली, तशीच तिथे पोहोचते. पीडीएफ ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली आणली आणि २००८ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे ती बहुतेक सगळ्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर उघडते.

मराठी बायोडाट्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचे आहे. आपल्याकडे टायपिंगच्या दुकानात बरीच वर्षे कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरले गेले. कृतिदेवमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचे रूप देतो. ती वर्डची फाइल ज्या मोबाइलवर गेली तिथे तो फॉन्ट नसला, की नाव, गाव, शिक्षण, सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टही फाइलसोबत जातो, म्हणून मराठी शाबूत राहते. तरी दुकानदाराला सांगा, "दादा, युनिकोडमध्ये टाइप करा." आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोडच असते आणि ते कुठेही वाचता येते.

फाइल उघडली नाही किंवा वाचता आली नाही, तर तसे सांगायला सहसा कोणी फोन करत नाही. ते पुढचा बायोडाटा उघडतात. इकडे पोरगी महिनाभर वाट पाहते आणि मनात धरते, की आपणच कमी पडलो. शिक्षण तिचे पुरेसे असते, फक्त तिचा कागद तिथे पोहोचलेला नसतो.

कागदाचा फोटो शक्यतो पाठवू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार कमी होतो, बारीक अक्षर पुसट होते. बायोडाटा हातानेच लिहिलेला असेल, तर गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे, त्यातून पीडीएफ तयार होते. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडा.

पीडीएफ बनवणे अवघड नाही. वर्डमध्ये 'फाइल', मग 'सेव्ह ॲज', आणि प्रकारात 'पीडीएफ' निवडायचे. मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये लिहिले असेल, तर तिथेही पीडीएफ म्हणून सेव्ह करता येते.

वर्डची फाइल कधी द्यायची? काही नोकरी लावून देणाऱ्या एजन्सी आपल्या नमुन्यात माहिती भरण्यासाठी ती मागतात. तेव्हा ती द्या. ऑनलाइन अर्जात फोटो आणि सही बहुधा जेपीजीमध्ये लागते आणि किती केबीपर्यंत चालेल तेही लिहिलेले असते. ते वाचूनच भरा.

दुकानातून निघण्याआधी चार गोष्टी करा. वर्ड आणि पीडीएफ, दोन्ही फाइल आपल्या मोबाइलवर घ्या. पुढच्या वेळी पत्ता किंवा अनुभव बदलायला वर्डची प्रत कामी येते आणि पुन्हा टायपिंगचे पैसे लागत नाहीत. फाइलला 'बायोडाटा नवीन' असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्या. मेल उघडला असेल तर लॉगआउट करा, दुकानातली फाइल पुसायला सांगा. आधार क्रमांक आणि बँक खात्याचा नंबर बायोडाट्यात लिहू नका.

पुढच्या बैठकीत एवढे करून पाहू. गटातल्या एका मुलीचा बायोडाटा पीडीएफ करून आपसातल्या तीन-चार मोबाइलवर पाठवायचा आणि प्रत्येकीने उघडून पाहायचा. नाव, नंबर, मार्क नीट दिसले, की मगच तो साहेबांकडे पाठवायचा.