रक्तात विषाणू नाही, मग सोनोग्राफी कशाला?

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर समाजातील एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, रिपोर्टमध्ये विषाणू दिसतच नाही, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?"

हा मुलगा १९९८ साली उज्जैनमध्येच जन्मला. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर माझेच हस्ताक्षर आहे. हिपॅटायटिस-बीची पहिली मात्रा त्यावर दीड महिन्याची नोंदलेली आहे, जन्मदिवसाची नाही. आईची एचबीएसएजी तपासणी झाली आहे का, हेही मी विचारले नव्हते. पुढे आईला यकृताचा कर्करोग झाला, घरातील सर्वांचे रक्त तपासले गेले आणि मुलातही तोच विषाणू सापडला. नवजात अर्भकाला बाधा झाली तर सुमारे ९० टक्के मुलांत ती कायमची ठाण मांडते. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. ते कार्ड मी आजही स्वस्थ चित्ताने पाहू शकत नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. टेनोफोव्हिर अथवा एन्टेकॅव्हिर विषाणूची वाढ रोखते, परंतु यकृतपेशीच्या केंद्रात दडलेले त्याच्या डीएनएचे वर्तुळाकार रूप शिल्लक राहते. काही तुकडे तर आपल्याच गुणसूत्रांत मिसळून गेलेले असतात. तेथवर औषधाचा हात पोहोचत नाही. सिरोसिस वा प्रगत तंतुमयता असलेल्या ६५१ रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लॅमिव्ह्युडिन घेणाऱ्यांपैकी ३.९ टक्के, तर औषधाविना असणाऱ्यांपैकी ७.४ टक्के रुग्णांना यकृताचा कर्करोग झाला. धोका जवळजवळ निम्मा झाला, शून्य झाला नाही. आजची औषधे लॅमिव्ह्युडिनहून सरस आहेत, विषाणू त्यांना सहसा दाद देतो. तरीही हा मुद्दा बदललेला नाही.

प्रत्येक रुग्णाला ही सोनोग्राफी लागतेच असे नाही. सिरोसिस असेल, चाळिशी उलटलेला पुरुष असेल किंवा आईवडील-भावंडांत हा कर्करोग झाला असेल, तर मात्र टाळाटाळ नको. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे तर फारच घातक. दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत.

खरा उपाय मात्र आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या हाती आहे. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना ही लस दिली आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग लक्षणीय घटला. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर यायला २०११ उजाडले. आज सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते, तरी घरी बारसे आटोपल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे येणारी बाळे अजून दिसतात. पहिली मात्रा २४ तासांच्या आतच हवी, हे आजी-आजोबांनीही ध्यानात ठेवावे.

त्या तरुणाची पत्नी गरोदर आहे. तिची तपासणी निगेटिव्ह आली असून तिच्याही लसीच्या मात्रा सुरू केल्या आहेत. प्रसूतिगृहातील सिस्टरांना मी आधीच सांगून ठेवले आहे, लस फ्रिजमध्ये तयार असू द्या. त्याची सोनोग्राफी येत्या सोमवारी आहे. या खेपेस मी स्वतः त्याच्यासोबत जाणार आहे.