रानातले सोबती – लेखांक ७ : एक लांब शिट्टी

मागच्या आठवड्यात परत बोलावण्याची शिट्टी पाहिली. ती त्या मानाने सोपी, कारण पिल्लाला आपल्याकडे यायचंच असतं. आजची शिट्टी त्याच्या रक्ताविरुद्ध जाते. समोरून ससा सुटलेला असताना मागून एकच लांब शिट्टी येते, आणि कुत्र्याने आहे तिथे बसायचं असतं. इंग्लिश स्प्रिंगर किंवा कॉकर स्पॅनियलमध्ये हुंगणं, धावणं, काट्यांत घुसणं पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेलं आहे. थांबणं मात्र प्रत्येक पिल्लाला नव्याने शिकवावं लागतं.

ब्रिटनमधल्या शिकारीत लॅब्राडॉर बहुधा मालकाशेजारी बसून पक्षी पडायची वाट बघतो. स्पॅनियल पुढे असतो. बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण तीस मीटरच्या आत, नागमोडी फिरून झुडपातलं सावज उठवणं हे त्याचं काम. उठलेल्या फेझंटमागे तो धावला, तर पुढे दडलेले पक्षी टप्प्याबाहेरच उडून जातात. सशामागे धावला, तर जमिनीलगत झाडलेले छर्रे त्यालाच लागू शकतात. ठासणीच्या बंदुका होत्या तेव्हा आणखी एक अडचण असे: शिकारी नळीत दारू ठासत असताना कुत्र्याने दुसरं सावज उठवलं, तर ते हातचं गेलंच. म्हणून रीत पडली ती अशी की सावज उठलं की बसायचं, बार झाला की बसायचं, शिट्टी झाली की बसायचं. स्पॅनियलांची पहिली मैदानी स्पर्धा १८९९च्या जानेवारीत डर्बीशायरमधल्या सटन स्कार्सडेलला, विल्यम आर्कराइट यांच्या इस्टेटीवर झाली. (सूतकताईच्या यंत्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड आर्कराइटचे हे वंशज.) आजही अशा स्पर्धेत सावजाचा पाठलाग करणारा कुत्रा तिथल्या तिथे बाद होतो, मग त्याचं नाक कितीही तल्लख असो.

शिट्टी बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीची, २१०.५ क्रमांकाची, स्पॅनियलवाल्यांत फार चालते. प्लास्टिकची, आत गोळी नसलेली. गोळीच्या शिट्टीत थुंकी साचते, कडाक्याच्या थंडीत गोळी अडकते. एका क्रमांकाच्या सगळ्या शिट्ट्या एकाच सुरात वाजतात, त्यामुळे हरवली तर तसलीच दुसरी घेता येते आणि कुत्र्याला फरक कळत नाही.

सुरुवात जेवणाच्या भांड्यापासून करावी. भांडं वर धरलं की पिल्लू आपसूक बसतं. बसता बसता एक लांब शिट्टी, सोबत उभारलेला तळवा, आणि मग जेवण. काही आठवड्यांत शिट्टी आणि बसणं यांची त्याच्या मनात गाठ बसते. सहा महिन्यांच्या आसपास मोकळ्या, कंटाळवाण्या गवतावर जावं. कंटाळवाणं मुद्दाम म्हणतो, वासाचा मोह तिथे नकोच. पिल्लू शेजारून चालत असताना शिट्टी, मग दोन पावलं पुढे असताना, मग पाच. बसल्यावर आपण त्याच्याकडे जायचं, शाबासकी तिथेच द्यायची. उलट प्रत्येक वेळी त्याला बोलावून घेतलं, तर शिट्टी झाली की ते बसायच्या आधीच मालकाकडे सरकू लागतं. ही खोड लागली की काढता काढता नाकी नऊ येतात.

पुढची पायरी मला सगळ्यांत हुशारीची वाटते. पिल्लू थांबलं की चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि कधीकधी तो आणायला सोडायचं. शिट्टी ऐकली की मालकाकडे बघावं, काहीतरी चांगलं घडतं, हे त्याला उमगतं. धाकाने बसवलेला कुत्रा बसतो, पण मालकाच्या हाताकडे बघत नाही, आणि लांबवरच्या कुत्र्याला दिशा हातानेच दाखवायची असते.

थांबलं नाही तर? बहुतेक जण इथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मोठ्याने शिट्टी फुंकतात. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की पहिल्या शिट्टीला बसायची गरज नाही. एकदा वाजवावी, मग चालत जाऊन पिल्लाला शांतपणे उचलावं, शिट्टी ऐकली त्याच जागी आणून बसवावं आणि तिथे पुन्हा वाजवावी. मारायचं नाही, ओरडायचंही नाही. ते पाळेल याची खात्री नसेल, तर शिट्टी खिशातच राहू द्यावी. सशामागे सुसाट सुटलेल्या कोवळ्या कुत्र्यावर शिट्टी फुंकणं म्हणजे ती वाया घालवणं. म्हणूनच जाणते प्रशिक्षक आधी फेकलेला चेंडू, मग कुंपणाच्या आवारात सोडलेले ससे, आणि शेवटी खरं रान असा मोह टप्प्याटप्प्याने वाढवतात. पहिल्या हंगामात घाई नको. इंग्लंडमध्ये फेझंटची शिकार १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी चालते, आणि तो हंगाम दरवर्षी येतो.

याचा अतिरेकही होतो. दर मिनिटाला शिट्टी ऐकणारं पिल्लू पुढे जायलाच कचरतं, मागे वळून वळून बघतं, शोधणं सोडून देतं. असा आज्ञाधारक पण थंड पडलेला स्पॅनियल थोड्या बेफाम स्पॅनियलपेक्षा निरुपयोगी, असं माझं मत आहे. बेफाम कुत्र्याला लगाम घालता येतो, मेलेली हौस परत आणणं फार अवघड. तेव्हा एका फेरीत दोन-चार शिट्ट्या पुरे, बाकी वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्यावं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कॉकर भरपूर आहेत आणि सोसायटीचं फाटक उघडं राहिलं की रस्त्याकडे धावणारेही तेच. त्यांच्या मालकांनी जेवणाच्या भांड्याचा पाठ आज संध्याकाळपासूनच सुरू करावा. पुढच्या आठवड्यात : कुत्र्याला वळवणाऱ्या दोन आखूड शिट्ट्या.