घरखर्च: पैसा नेमका कुठे गळतो

घरखर्चाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी, विम्याचा हप्ता हा खर्च ठरलेला असतो. पगार झाला की पहिल्या आठवड्यातच तो निघून जातो आणि त्यात काटछाट करायला फारसा वाव नसतो. दुसरा भाग किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, औषधपाणी आणि जाण्यायेण्याचा. काटकसर करायची ती या दुसऱ्या भागात. पण तिथेही बहुतेक घरांत कात्री चुकीच्या जागी लागते. दूध अर्धा लिटरने कमी होते, मुलांचे फळ बंद होते, डाळ पातळ होते. त्याच घरात आठवड्याला कोथिंबिरीची एक जुडी सडून कचऱ्यात जाते, रव्याला जाळी लागते आणि रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो. ताटातले अन्न कमी करण्याआधी नासाडी थांबवली, तर बहुतेक घरांत ताटाला हात लावायची वेळच येत नाही.

नासाडी कुठे होते ते कळण्यासाठी निदान एक महिना हिशेब लिहावा लागतो. रोजचा प्रत्येक खर्च वहीत मांडायचा, कितीही लहान असला तरी. पूर्वी पाकिटातली नोट मोडली की ते लक्षात राहायचे. आता मोबाइलवरून दहा-वीस रुपये जातात तेव्हा काहीच जाणवत नाही. मात्र त्याच मोबाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद असते. महिनाअखेरीस ती यादी काढून वहीशी ताडून पाहिली की ‘किरकोळ’ या नावाखाली किती रक्कम गेली ते दिसते. बऱ्याच घरांत हा आकडा भाजीच्या खर्चाएवढा निघतो. हिशेबाची वही घरातल्या सगळ्यांना पाहता यावी. काटकसर एकट्या गृहिणीच्या माथी मारली की ती टिकत नाही, आणि ते तिच्यावर अन्यायाचेही असते.

किराण्यात सर्वांत मोठी बचत हंगामात खरेदी केल्याने होते. महाराष्ट्रातली वर्षाची बेगमी याच हिशेबावर उभी आहे. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तूर हिवाळ्याच्या अखेरीस बाजारात येते, भात दिवाळीच्या आसपास कापला जातो, तिखटाची मिरची उन्हाळ्यात येते. माल नवा आणि भरपूर असतो तेव्हा भाव उतरलेले असतात. तांदूळ मात्र जुना घेतला तरी फायद्याचा, कारण तो शिजताना जास्त फुलतो आणि कमी तांदळात तेवढाच भात होतो. बेगमीला जागा आणि एकरकमी पैसा लागतो. तो नसेल तर कर्ज काढून वर्षाचे धान्य भरू नये. व्याजात सगळा फायदा निघून जातो. तीन महिन्यांचा साठाही पुष्कळ झाला.

साठवलेले धान्य टिकले नाही तर स्वस्तात घेतल्याचा उपयोग नाही. धान्याचा खरा शत्रू ओल. गहू चाळून, निवडून कडक उन्हात वाळवावा आणि पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावा. गरम धान्य डब्यात बंद केले तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि बुरशी धरते. सोंडकिड्याची मादी दाणा पोखरून त्याच्या आतच अंडे घालते, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातूनही महिन्याभराने टोके बाहेर पडतात. कोठी भरताना म्हणूनच जुन्या धान्याचा एकही दाणा किंवा धूळ तळाशी राहू देऊ नये. कीड बहुतेक वेळा तिथूनच येते. डाळींना एरंडेलाचा हात फिरवणे आणि गव्हात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालणे हे जुने उपाय आजही चालतात. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवला की जाळी लागत नाही. तिखटात हिंगाचे खडे घालून बरणी घट्ट बंद करावी.

एकट्या कुटुंबाला घाऊक भाव मिळत नाही, तो चार घरांनी मिळून मिळवता येतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली ती याच कल्पनेवर. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन ग्राहक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, सगळा माल एका घरी उतरतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. मधला नफा वाचतो आणि मालाचा दर्जाही तपासलेला असतो. अशी व्यवस्था जवळ नसली, तरी एका इमारतीतल्या पाच-सहा घरांनी मिळून तेलाचा डबा किंवा तांदळाचे पोते घेणे कुठेही जमण्यासारखे आहे.

दुकानात पाकीट उचलताना छापील किंमत सगळेच पाहतात, वजन फार थोडे पाहतात. किंमत तीच ठेवून आतले वजन कमी करणे ही कंपन्यांची सर्रास पद्धत आहे. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किती पैसे पडतात हे छापणे आता बंधनकारक आहे. तुलना त्या आकड्याची करावी. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्सपायरी’ या दोन तारखांतला फरकही ओळखावा. पहिली तारीख चव आणि दर्जाची हमी कधीपर्यंत आहे ते सांगते, दुसरी उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. हा फरक माहीत नसल्याने बिस्किटे, मसाले, पापड अशा चांगल्या वस्तू घराघरांत फेकल्या जातात.

भाजीत बचत होते ती हंगाम पाळल्याने आणि आणलेली भाजी टिकवल्याने. मटार आणि गाजर थंडीत घ्यावेत. पावसाळ्यात पालेभाजी महाग होते आणि तिला चिखलही लागतो. त्या दिवसांत मटकी, चवळी, वाल, मसूर यांच्या उसळी, पिठले आणि उन्हाळ्यात घातलेले सांडगे घर चालवतात. मोड आलेल्या कडधान्याची वाटी महागड्या परदेशी भाजीपेक्षा पौष्टिकही ठरते. आठवडी बाजारात संध्याकाळी उशिरा विक्रेता माल परत नेण्यापेक्षा वाटा स्वस्तात देऊन टाकतो. पण तो माल त्याच दिवशी निवडून ठेवायची तयारी नसेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये.

कोथिंबीर धुवून फ्रिजमध्ये ठेवली की दोन दिवसांत काळी पडते. पिवळी पाने आणि मुळे काढून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर हिरवी राहते. मिरच्यांची देठे काढून ठेवावीत. कूज देठापासून सुरू होते. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात ठेवावेत. उजेडात ते हिरवे पडतात आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा नसतो.

मराठी स्वयंपाकात उरलेसुरले वापरण्याच्या इतक्या रीती आहेत की नव्याने काही शोधायला नको. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी होते, कोवळा फ्लॉवरचा पाला भाजीत जातो, कोथिंबिरीच्या देठांनी आमटीला चव येते. शिळ्या पोळीचा फोडणी देऊन कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू होतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होतो, मात्र तो निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेलेला असावा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो, आणि औषधाचा खर्च भाताच्या कितीतरी पट होतो. दुधाची साय आठवडाभर साठवून, विरजून, घुसळली की ताक, लोणी आणि तूप तिन्ही मिळतात, खाली राहिलेली बेरीसुद्धा कणकेत जाते.

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीच्या रिकाम्या वजनाचा आकडा टाकीवरच लिहिलेला असतो, त्यात १४.२ मिळवून येणारे वजन, टाकी आणणाऱ्याकडच्या काट्यावर, दारातच तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. टाकी लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहिली की ती किती दिवस पुरते ते समजते आणि अचानक कमी दिवस पुरली तर गळती किंवा बर्नरचा दोष वेळीच लक्षात येतो.

गॅस सर्वांत जास्त वाया जातो तो कुकरखाली. आतला दाब पूर्ण चढला की तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसवर पोहोचते, आणि शिटीचे वजन त्यापुढे दाब वाढू देत नाही. म्हणजे शिटी झाल्यावरही आच मोठी ठेवली तर जास्तीची सगळी उष्णता वाफेवाटे बाहेर जाते; डाळ एक मिनिटही लवकर शिजत नाही. पहिली शिटी होताच आच मंद करावी, आणि शिट्या मोजण्याऐवजी मिनिटे मोजावीत. उघड्या भांड्यालाही हेच लागू पडते: पाण्याला उकळी फुटली की आच वाढवून ते आणखी तापत नाही, फक्त आटते. तूरडाळ अर्धा तास, तर छोले-राजमा रात्रभर भिजवल्यावर शिजायचा वेळ निम्म्यावर येतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ नये. ती निळी असावी; पिवळी दिसली तर बर्नरची छिद्रे तुंबलेली असतात आणि ती घासून साफ केली की भांडी काळी पडणेही थांबते.

विजेच्या बिलात दात कोरून पोट भरत नाही. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या घरात गीझर तासभर चालू असतो. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट जळते. दोन किलोवॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो रोज १६ तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट होतात. कमी वीज घेणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॉटच्या आसपास पुरतात, म्हणजे तेवढ्याच वापरात सुमारे १४ युनिट. उन्हाळ्यात तीन पंखे चालणाऱ्या घरात हा फरक साठ युनिटांच्या वर जातो. सगळे पंखे एकदम बदलणे परवडत नसेल, तर सर्वांत जास्त फिरणारा आधी बदलावा.

युनिट कोणत्या टप्प्यात वाचते यालाही महत्त्व आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे असे टप्पे असतात व प्रत्येक टप्प्याला दर चढत जातो. ज्या घरात ३३० युनिटे जळतात तिथे वाचलेली पहिली ३० युनिटे महागड्या टप्प्यातली असतात. ठरावीक मुदतीच्या आत बिल भरणाऱ्याला आणि कागदाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्याला थोडी सूटही मिळते.

नवे उपकरण घेताना तारांकन पाहावे, पण तारे मोजून थांबू नये. ऊर्जा दक्षता ब्युरो निकष वेळोवेळी कडक करतो, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या निकषात तीनच ठरू शकतात. लेबलवर वर्षाला किती युनिटे लागतात तो आकडा छापलेला असतो, त्याची तुलना करावी. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा या ब्युरोचा हिशेब आहे. २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर लागतात, ते तसेच राहू द्यावेत. फ्रिजच्या दाराच्या फटीत नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढून निघाली तर रबर ढिले झाले आहे आणि ते बदलायला फार खर्च येत नाही.

औषधांत काटकसर म्हणजे गोळ्या चुकवणे नव्हे. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वाचवणारी माणसे पुढे रुग्णालयात मोठी रक्कम मोजतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत तेच औषध मूळ घटकाच्या नावाने विकले जाते आणि अनेकदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. डॉक्टरांना घटकाचे नाव आणि मात्रा स्पष्ट लिहायला सांगावे, आणि गोळी बदलताना त्यांना विचारावे.

एवढे करूनही घराचा हिशेब कोलमडतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांमुळे. जूनमध्ये शाळा, मग गणपती, दिवाळी, मार्चच्या आसपास विमा आणि मालमत्ता कर. हे खर्च अचानक येत नाहीत, तरी ते आले की क्रेडिट कार्ड बाहेर निघते. आणि थकीत रकमेवर बहुतेक कार्डांचे व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या वर, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाते. समजा, शाळेला ९,०००, सणांना १२,०००, विम्याला १०,००० आणि कराला ५,००० लागतात. एकूण ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये. पगाराच्या दिवशीच एवढी रक्कम बँकेतल्या १२ महिन्यांच्या आवर्ती ठेवीत वळवावी. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असल्याने या कामाला ती सोयीची नाही. पैसा हाताशी असला की सवलतीही घेता येतात. अनेक महापालिका मुदतीआधी मालमत्ता कर भरणाऱ्याला सूट देतात. जूनच्या गर्दीआधी, एप्रिल-मे महिन्यांत, वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात आणि गणवेश एक माप मोठा घेऊन खालची पट्टी दुमडून शिवला तर तो पुढच्या वर्षीही अंगाला येतो.