आधी कान, मग कंबर

‘बेली डान्स’ हे या नाचाचे स्वतःचे नाव नाही. एकोणिसाव्या शतकात इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेत हिंडलेल्या फ्रेंचांनी त्याला ‘पोटाचा नाच’ म्हटले, इंग्रजीने त्याचे भाषांतर केले, आणि १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात उभारलेल्या ‘कैरोतील रस्ता’ या देखाव्यामुळे ते अमेरिकाभर पसरले. इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, लग्नात, गल्लीत नाचतात तो ‘रक्स बलदी’. बलद म्हणजे गाव, मुलूख. बलदी म्हणजे आपल्या मातीतले. कैरोतल्या रोजच्या जेवणातल्या रोटीलाही लोक बलदीच म्हणतात. नाचाच्या जुन्या नावात पोट कुठेच नाही, आणि प्रत्यक्ष नाचातही पोटाचे काम थोडेच असते. बहुतेक सगळे कमरेवर चालते, आणि कमरेने काय करायचे हे संगीत सांगते.

इजिप्तमध्ये बलदी कोणी वर्गाला जाऊन शिकत नाही. लग्नात, लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री, बाळाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी होणाऱ्या ‘सबूअ’मध्ये आत्या, मावश्या, आज्या नाचतात आणि मुले त्यांच्यात घुसतात. पुरुषही नाचतात. ठेका, गाण्यातली लाडकी ओळ, ती आल्यावर उठणारा कल्ला हे सगळे मुलाच्या कानात आधी भरते. हालचाल त्यातून उगवते. न्यूयॉर्क, टोकियो किंवा पुण्यात छंद म्हणून हा नाच शिकणाऱ्याची वाट नेमकी उलटी असते. तिथे पहिल्या दिवशी हालचाल शिकवतात, तिला नाव देतात, आकडे मोजून ती पक्की करून घेतात. संगीत पार्श्वभूमीला वाजत राहते. हौशी नर्तकीच्या वाटेवरच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून आलेल्या आहेत.

तरी सुरुवात शरीरापासून होते, ते टळत नाही. उभे राहण्याची पद्धत आधी येते. पावले समांतर, कमरेच्या रुंदीइतकी, गुडघे सैल, माकडहाड जमिनीकडे सोडलेले, छाती उचललेली, खांदे खाली. बॅलेत शरीर जमिनीपासून सुटू पाहते, इथे वजन खाली सोडतात. गुडघे ताठ झाले की कंबर अडकते आणि भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. नवशिक्यांची कंबरदुखी बहुधा इथूनच सुरू होते. कंबर वर उचलणे, खाली सोडणे, तिने आडवा किंवा उभा इंग्रजी आठचा आकडा काढणे, पोटातून छातीपर्यंत लाट नेणे, एवढी मूळ सामग्री आहे. प्रत्येक हालचालीत शरीराचा एकच भाग चालवायचा आणि बाकीचे शांत ठेवायचे, ही खरी मेहनत. बरगड्या स्थिर ठेवून फक्त कटी हलवायला पोटाचे आतले आणि बाजूचे स्नायू जागे व्हावे लागतात. प्रौढ वयात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाला हे स्नायू आहेत याचीच आठवण नसते.

‘शिमी’ म्हणजे कमरेची अखंड थरथर. ती बघायला सर्वांत सोपी आणि जमायला सर्वांत उशिरा. गुडघे आळीपाळीने पटापट वाकवायचे आणि सरळ करायचे. मांड्या आणि नितंब सैल असले तर वरचे सगळे आपोआप हलते. नवशिका जोर लावतो, स्नायू आवळतो, आणि अर्ध्या मिनिटात पाय भरून येतात. यावर उपाय आपल्या तबलजींना जुना आहे: आधी ठाय लयीत, प्रत्येक ठोका स्वच्छ, मग दुगुन, मग चौगुन. रोज पंधरा मिनिटे असा रियाज केलेला माणूस आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळणाऱ्याच्या पुढे जातो. शिमी चालताना टिकली, मग तिच्यावर आठचा आकडा चढवता आला, की शरीराची पहिली इयत्ता पार पडली.

वर्गात कमरेला नाण्यांचा रुमाल बांधतात. त्याचा छनछनाट उत्साह देतो, पण ठोका चुकला तरी गजरात तो खपून जातो. काही दिवस रुमाल काढून, आरशाकडे पाठ करून नाचावे आणि फोनवर चित्रण करून पाहावे. आरसा फक्त समोरून आणि त्या क्षणीच दाखवतो. चित्रणात हातांचा विसर पडलेला दिसतो, जमिनीला खिळलेली नजर दिसते, आणि हालचाल संगीताच्या किंचित मागे चालली आहे हेही दिसते.

वर्षा-दोन वर्षांनी एक टप्पा येतो. पंचवीस-तीस हालचाली येतात, दोन-तीन बसवलेले नाच पाठ असतात, तरी नाच यादीसारखा दिसतो. हे केले, ते केले, पुढचे केले. अशा वेळी बहुतेक हौशी लोक नव्या हालचाली शोधत कार्यशाळांना जातात. त्यांना खरे तर ठेके हवे असतात.

इजिप्तमध्ये ‘तबला’ म्हणतात ते वाद्य आपल्या तबल्याहून वेगळे आहे. एकाच तोंडाचे, पेल्याच्या आकाराचे, मांडीवर आडवे धरून वाजवायचे. इतर देशांत त्याला दरबुका म्हणतात. पूर्वी मातीचे अंग आणि माशाचे कातडे असे, आता बहुतेक ठिकाणी धातूचे अंग आणि प्लास्टिकचा पडदा. मधोमध पडलेला खोल आवाज ‘दुम’, काठावरचा टणक आवाज ‘टक’. नाचाचा पायाभूत ठेका ‘मक्सूम’ आठ मात्रांत असा मोजता येतो: दुम, टक, रिकामी, टक, दुम, रिकामी, टक, रिकामी. पहिल्या टकच्या जागी दुम घातला की तोच ठेका ‘बलदी’ होतो आणि एकदम जड, जमिनीवर बसलेला वाटतो. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या ‘सईदी’त दोन दुम मधोमध लागून येतात: दुम, टक, रिकामी, दुम, दुम, रिकामी, टक, रिकामी. केरवा कानात असलेल्या मराठी माणसाला हा आठाचा हिशेब एका बैठकीत समजतो. मात्र टाळी-खालीची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. इथे दुम कुठे पडला याला महत्त्व आहे. त्या दुमवर कंबर खाली गेली की नाच ठेक्यात बसतो, वर गेली की काहीतरी चुकल्यासारखे वाटते, आणि प्रेक्षकाला त्याचे कारण सांगता येत नाही.

ठेका ओळखला म्हणजे मुलूखही ओळखला पाहिजे. सईदी हा दक्षिणेतल्या शेतकरी मुलखाचा ठेका. तिथे पुरुष ‘तहतीब’ नावाचा लाठीचा खेळ खेळतात. २०१६ साली युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. स्त्रियांचा काठीचा नाच त्याच खेळाची लाडिक नक्कल आहे. हे ठाऊक असलेली नर्तकी काठी नुसती फिरवत नाही, ती तिला लाठीचा रुबाब देते.

ठेक्याच्या वर सूर असतात. अरबी संगीतातील ‘मकाम’ आपल्या रागांसारखे आहेत, आणि ‘रास्त’ किंवा ‘बयाती’ यांतले काही स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. हार्मोनिअममध्ये न बसणाऱ्या श्रुतींचा जुना वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. इजिप्तच्या वादकांनी तिच्यावर तोडगा काढला: अकॉर्डिअनच्या पत्त्या बदलून त्यातून हे मधले स्वर काढले. म्हणून बलदी नाचात अकॉर्डिअन इतका घरचा वाटतो. बलदीची एक ठरलेली चढण असते. आधी अकॉर्डिअन एकटाच, तालाशिवाय, आलापासारखा फिरतो. मग तबल्याशी त्याचे सवाल-जबाब होतात, मग संथ ठेका लागतो, मग लय वाढते, आणि शेवटी तबला एकटा उरतो. आलापात नर्तकी जागा सोडत नाही, कंबर संथ फिरते. सवाल-जबाबात ती फक्त तबल्याच्या उत्तरावर ठोका देते. वादनाला अशाच संकेतांनी हालचाल जोडलेली असते: ‘कानून’ या तंतुवाद्याच्या तारा थरथरल्या की शिमी, ‘ने’ या बासरीच्या सुरावर हात आणि वरचे अंग, तबल्याच्या तोडणीवर कमरेचा झटका. हे नियम नाहीत. पण ज्याला ते माहीत नाहीत त्याला मोडताही येत नाहीत.

गाण्यातल्या शब्दांचे तसेच. उम्म कुलसूम यांनी १९६४ साली प्रथम गायलेले ‘इन्त उमरी’ मुहम्मद अब्दुल वहाब यांनी संगीतबद्ध केले होते. अशी गाणी उम्म कुलसूम मैफलीत तासभर रंगवत, एकेक ओळ पुन्हा पुन्हा घेत, आणि श्रोते ‘तरब’मध्ये, म्हणजे सुरांच्या तंद्रीत, हरवून जात. सुहैर ज़की या नर्तकीने त्यांच्या गाण्यांवर नाचण्याचे धाडस केले आणि ते लोकांना रुचले, कारण नाच गाण्याच्या आड आला नाही. हौशी नर्तकीने निवडलेल्या गाण्याचा अर्थ ओळीओळीने लिहून काढावा. विरहाच्या कडव्यावर हसत डोळे मिचकावणारा नाच अरबी जाणणाऱ्या प्रेक्षकाला खुपतो. धार्मिक किंवा प्रार्थनेच्या गाण्यांवर सहसा नाचत नाहीत.

आज जे रूप जगभर शिकवतात ते फार जुने नाही. फेरोंच्या काळच्या देवळांत किंवा सुलतानांच्या जनानखान्यात त्याचा उगम सांगणाऱ्या गोष्टी वर्गावर्गांतून ऐकू येतात. त्यांना भक्कम आधार नाही. कागदोपत्री दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘अवालिम’, म्हणजे घराघरांतल्या बायकांच्या बैठकीत गाणाऱ्या, कविता म्हणणाऱ्या जाणत्या स्त्रिया, आणि रस्त्यांवर नाचणाऱ्या ‘ग़वाज़ी’. १८३४ साली मुहम्मद अली पाशाने कैरोत स्त्रियांच्या सार्वजनिक नाचावर बंदी घातली आणि या नर्तकींना दक्षिणेला एस्ना, केना, लक्सर इकडे जावे लागले. कलेला दाद आणि कलावंतिणीला बोल, हा व्यवहार तमाशाच्या इतिहासातून ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र परके नाही.

रंगमंचाचे रूप घडले ते बदिया मसाबनी यांच्या कैरोतील नाट्यगृहात, १९२६ पासून. प्रशस्त मंच, मोठा वाद्यवृंद, हातांची आणि पदन्यासाची बॅलेकडून घेतलेली सफाई, आणि चोळी, पट्टा, घागरा असा चमकता पोशाख. तहिया करिओका आणि सामिया गमाल या त्यांच्याकडेच तयार झाल्या. शिकणाऱ्याने या दोघींना जुन्या चित्रपटांत शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. सामिया गमाल जागा व्यापतात, हात आणि ओढणी हवेत वाहत असतात. तहिया करिओका थोड्याच जागेत उभ्या राहून कंबर इतकी संथ फिरवतात की बघणाऱ्याचा श्वास थांबतो. विचारवंत एडवर्ड सईद यांनी मुलगा असताना पाहिलेल्या त्यांच्या नाचावर १९९० साली एक निबंध लिहिला. एकाच शिक्षणातून दोन इतके वेगळे स्वभाव निघाले, हे ज्याला दिसले तो तिसऱ्या कोणाची नक्कल करत बसत नाही.

१९५९ साली महमूद रेदा यांनी आपले पथक काढले. ते जिम्नॅस्ट होते, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेले. त्यांनी इजिप्तच्या प्रांताप्रांतांतून लोकनृत्ये पाहिली आणि फरीदा फहमी यांना मुख्य नर्तकी करून ती रंगमंचासाठी बसवली. पूर्वापार उत्स्फूर्त असलेल्या नाचात बसवलेली रचना आली. पुढे परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायला हीच रचना सोयीची ठरली, आणि त्यातून पाठ केलेल्या नाचांचा सुकाळ झाला. बसवलेला नाच शिकण्यात नुकसान नाही. हालचालींचे सांधे कसे जुळवायचे ते त्यातूनच कळते. पण प्रत्येक बसवलेल्या नाचामागे एक न बसवलेला नाच, अनोळखी गाण्यावर, बंद खोलीत, असा हिशेब ठेवला तर नर्तकी वाढते. सुरुवातीला पूर्ण गाणे फक्त दोन हालचालींवर निभावायचे. कंटाळा येतो, आणि मग वेग, आकार, विराम असे बारकावे नाइलाजाने सुचू लागतात.

अमेरिकेत या नाचाला वेगळा फाटा फुटला. जमिला सलिमपूर यांनी हालचालींना नावे देऊन शिकवण्यासारखी परिभाषा घडवली आणि १९६८ साली ‘बाल अनात’ हे पथक काढले. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिशिओ यांनी ‘फॅट चान्स बेली डान्स’ सुरू केले. त्यांच्या शैलीत गट मिळून उत्स्फूर्त नाचतो: पुढची नर्तकी हाताची किंवा मानेची खूण करते, बाकीच्या तीच हालचाल उचलतात, मग पुढारीपण दुसरीकडे जाते. पोशाखात भारतीय चोळी, घेरदार घागरा आणि कपाळावरची टिकली आली. हे इजिप्तचे लोकनृत्य नाही आणि तसा दावा करू नये. पण एकटीने मंचावर जायला घाबरणाऱ्या प्रौढ हौशी स्त्रियांना या गटाने मोठा आधार दिला. भारतात या नाचाची ओळख बहुतेकांना हिंदी चित्रपटातून झाली. ‘शोले’तला हेलन यांचा नाच १९७५पासून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. तो चित्रपटाचा नाच आहे, कैरोचा नाही. शिकायला येणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा तोच असतो, आणि शिक्षकाने हा फरक पहिल्या महिन्यातच सांगितलेला बरा.

हौशी नर्तकींचे पहिले प्रदर्शन बहुधा ‘हफला’त होते. हफला म्हणजे मेजवानी. शिकणारे, शिकवणारे, घरचे लोक जमतात आणि आळीपाळीने नाचतात. तिथे जिवंत तबलावादक असेल तर सगळा अभ्यास एका क्षणात तपासला जातो. ध्वनिमुद्रित गाणे दर वेळी तसेच वाजते. वादक मात्र नर्तकीकडे पाहून वाजवतो, कधी तोडणी लांबवतो, कधी दुम मुद्दाम रोखून धरतो. पाठांतर केलेली तिथे पुढे निघून जाते. कान तयार झालेली नर्तकी वजन एका पायावर ठेवून, हात अर्धे उचलून, वादकाकडे बघत तशीच उभी राहते, आणि दुम पडला की कंबर सोडते.