कालवांची वस्ती आणि आपले सांडपाणी

आमच्या किन्हीराजात ‘कालवा’ म्हटले की धरणाचे पाणी शेतात नेणारा पाट डोळ्यांपुढे येतो. कोकणातल्या भगिनीला मात्र ‘कालवं’ म्हटले की खाडीतल्या खडकाला चिकटलेले खडबडीत शिंपले आठवतात. ओहोटी लागली की चिखलात उतरून ती कालवं फोडते, आतले मांस काढून बाजारात विकते. त्यावर तिच्या घरची चूल पेटते. या मुक्या जिवाची ओळख आपण वऱ्हाडातल्या माणसांनीही करून घ्यावी, कारण त्याचे नाते आपल्या दारच्या नालीशी आहे.

कालव पाणी गाळून जगते. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ हेच त्याचे अन्न. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचे एक मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाला १५० लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते. पाणी निवळले की तळापर्यंत ऊन पोहोचते, गवत वाढते, खेकड्यांना व माशांच्या पिलांना आसरा मिळतो.

कालवाचे पिलू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग कठीण जागा पाहून कायमचे चिकटते. त्याला सर्वांत मानवतात त्या जुन्या कालवांच्या कवच्या. पिढीवर पिढी चढून खडकासारखी वस्ती उभी राहते. कवच्या चुना भाजण्यासाठी उचलून नेल्या की पुढच्या पिढीला बसायला जागाच उरत नाही. जगातील अशा सुमारे ८५ टक्के वस्त्या नाहीशा झाल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडला.

यावर एक उपाय म्हणजे कालवांची शेती. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे १९७०च्या दशकात तिचे प्रयोग केले. पुढे २०१०च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गातील महिला बचत गटांनीही ही शेती केली. दोरीत कवच्या ओवून त्या बांबूच्या मांडवाला पाण्यात टांगतात. कोळंबीसारखे विकतचे खाद्य लागत नाही. भांडवल थोडे, पण एक अट मोठी : पाणी स्वच्छ हवे.

इथेच खरी मेख आहे. कालव अन्नाबरोबर घाणही गाळून घेते. मैल्यातले रोगजंतू आणि कारखान्यांचे जड धातू त्याच्या अंगात साठतात. जंतू घालवण्यासाठी विक्रीपूर्वी ते शुद्ध पाण्यात ठेवता येते. साठलेले धातू मात्र सहजी निघत नाहीत. म्हणजे घाण करणारा वेगळा आणि नुकसान सोसणारी मात्र खाडीतली कष्टकरी बाई!

वाचक म्हणतील, समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. पण वाशीम जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांना जाते. काटेपूर्णेचे पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्रात, पैनगंगेचे वर्धा-प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. आपल्या गोड्या पाण्यातले शिंपलेही पाणी गाळतात. त्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे मेले तर शिंपल्यांचा वंशही खुंटतो.

पाणी गाळणारा जीव आपली घाण आयुष्यभर उपसू शकत नाही. म्हणून ग्रामसभेत आपण एवढे तरी मागावे : नालीचे पाणी थेट नदीत न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे, आणि फवारणीचे डबे ओढ्यात धुऊ नयेत. तेवढ्यापुरती सुरुवात आपल्याच अंगणातून होऊ शकते.